आमच्या घरातला पंप आणि रस्त्याखालची मोरी

आज बातमी नाही. घरातलं लिहितोय. पण ते आळीतलंही आहे आणि थोडं माझ्या धंद्यातलंही. लांब झालंय, सावकाश वाचा. ज्यांच्या घरात पावसाळ्यात पाणी येतं त्यांनी मधला पंपाचा भाग तरी वाचाच, चार पैसे वाचतील.

आमचं घर 1984 सालचं. बाबांनी जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेलं. रस्त्यावरून ओटीवर यायला तेव्हा चार पायऱ्या होत्या. शाळेतून आलो की तिसऱ्या पायरीवर दप्तर फेकायचो आणि आईचा ओरडा खायचो. आज त्या पायऱ्या नाहीत. म्हणजे आहेत, पण रस्त्याच्या पोटात. आता आमच्याकडे यायचं तर रस्त्यावरून चार बोटं खाली उतरावं लागतं. नवीन माणूस हमखास ठेचकाळतो.

घर खचलेलं नाही हो. रस्ता वर आलाय. आधी खडी, मग डांबर, मग त्या डांबरावर डांबर. मधे एकदा सखल भागात भराव टाकला आणि 2022 साली सगळ्याच्या वर काँक्रीट. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, अशी पद्धत असते. पण खरवडायला मशीन लागतं, निघालेला ढिगारा कुठेतरी न्यावा लागतो, वेळ जातो. त्यापेक्षा वर थापणं सोपं. दर वेळी पाच-सहा इंच. वाढदिवसाला मुलाची उंची भिंतीवर मोजतात तशी आमच्या रस्त्याची उंची आमच्या ओटीवर मोजता येते.

पाणी दोन वाटांनी येतं. पहिली वाट दाराची. जोराची सर आली की रस्त्यावरचं पाणी ओटीत. त्यावर आम्ही उंबऱ्याबाहेर एक फुटाचा कट्टा घातला आणि ते बरंचसं थांबलं. दुसरी वाट जमिनीची. ही वाईट. कोकणातल्या लोकांना समजावून सांगायला नको. जुलै लागला की मागीलदारच्या विहिरीत वाकून हाताने पाणी घेता येतं. विहिरीचं पाणी आणि घराची जमीन यात दीड-दोन फूट राहिले की आमच्या माजघरात उमाळे फुटायला लागतात. लाद्यांच्या सांध्यांतून आधी नुसती ओल, मग थेंब, मग चक्क पाणी. भिंतींना कमरेपर्यंत लोणा. आई पाटावर पाय ठेवून टीव्ही बघते.

हे पूर्वी नव्हतं का? होतं. पण दोन-चार दिवस, श्रावणाच्या आधी. आता जूनअखेर सुरू होतं आणि गणपतीपर्यंत चालतं. याचं कारण मी बरीच वर्षं 'पाऊस बदललाय' एवढंच धरून होतो. ते अर्धंच कारण होतं. उरलेलं पुढे येईल.

गेल्या वर्षी, म्हणजे 2024 च्या जुलैत, दोन गोष्टी झाल्या. एका सकाळी आईने ओल्या जमिनीवर उभं राहून फ्रिजचं दार उघडलं आणि हात झटकून मागे आली. "मुंग्या आल्या रे हाताला," एवढंच म्हणाली आणि बसून राहिली. वायरमनला बोलावलं. तो आमचा शाळेतला दोस्त, त्यामुळे बोलण्यात मुरवत नाही. त्याने टेस्टर लावला, मीटरबोर्ड उघडला आणि म्हणाला, "दोन गोष्टी नाहीत तुझ्याकडे. अर्थिंग नाही आणि अक्कल नाही. काकी वाचल्या."

दुसरी गोष्ट त्यामानाने किरकोळ, पण मला लागली. माझ्या कात्रणांच्या फायली. 1999 पासूनच्या. डिप्लोमा करत असताना पहिली बातमी छापून आली तिथपासून सगळ्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. पाणी फळीला लागलं आणि कागदाने ते वर ओढून घेतलं. बायकोने आणि मुलीने स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या आणि कात्रणं चिमट्यांनी वाळत घातली. आठवडाभर आम्ही माझ्याच बातम्यांखालून वाकून ये-जा करत होतो.

तेव्हा ठरवलं, पंप बसवायचा.

आता थोडं तांत्रिक. मी इंजिनिअर नाही, पण वर्षभर डोकं लावलंय. 'सम्प पंप' म्हणून जे म्हणतात ते काय, तर घरातल्या सगळ्यात सखल कोपऱ्यात जमिनीखाली खड्डा. जमिनीतलं पाणी लादीतून वर यायच्या आधी त्या खड्ड्यात येईल अशी व्यवस्था करायची आणि खड्डा भरला की आतला पंप आपोआप सुरू होऊन ते बाहेर टाकेल. बंगल्यांना तळघर असतं तिथे हे करतात. मोठ्या शहरांत इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये बघितलं असेल. आमच्याकडे तळघर नाही, पण रस्त्याने आमच्या घराचंच तळघर केलंय.

पंपाचं सामान विकणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचा देऊ?" आणि आपण मोठेपणाने एक सांगतो. थांबा. आधी पाणी किती येतं ते मोजा. आम्ही असं मोजलं: खड्डा दोन फूट बाय दोन फूट, खोली तीन फूट. तो रिकामा केला आणि घड्याळ लावून बसलो. नऊ मिनिटांत पाणी एक फूट चढलं. म्हणजे चार घनफूट, साधारण 113 लिटर. मिनिटाला साडेबारा लिटर. ऐकायला काहीच नाही, एक बादलीसुद्धा भरत नाही. पण दिवसाचा हिशोब करा. 18,000 लिटर. दोन टँकर पाणी रोज आमच्या माजघराखाली येत होतं आणि आम्ही फडक्याने पुसत होतो.

एवढ्याला अर्धा एचपी पुष्कळ झाला. दहा-बारा फूट उंचीला तो मिनिटाला शंभराच्या वर लिटर टाकतो, म्हणजे मिनिटभर चालणार आणि आठ-नऊ मिनिटं गप्प बसणार. खड्डा छोटा केलात तर पंप सारखा चालू-बंद होतो आणि मोटर जळते. पैसे वाचवायचे असतील तर पंपात वाचवा, खड्ड्याच्या खोलीत नको. आणि पंप घेताना गढूळ पाण्याचा घ्या. स्वच्छ पाण्याचा सबमर्सिबल थोड्याशा मातीने अडकतो.

काम एप्रिलमध्ये सुरू करायचं होतं. गवंडी मामा म्हणाले, लग्नसराई आहे, माणसं नाहीत, मेअखेर करू, मिरगाला अजून वेळ आहे. मीही हो म्हटलं. 2025 चा मे आठवत असेलच. 24 तारखेला केरळात मान्सून दाखल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या दारात. रोहिणीतच पाऊस. शेतकऱ्यांचं जे झालं ते झालं, पण माझ्या माजघरात अर्धवट खणलेला खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि आई पलंगावर अडकलेली. गवंडी मामा खड्ड्यात उतरून डब्याने पाणी उपसत होते. खणायचं आणि उपसायचं, दोन्ही एकाच वेळी. मोजणी झाली ती याच गोंधळात, म्हणून तर बरोबर झाली. कोरड्या एप्रिलमध्ये मोजलं असतं तर खड्ड्यात एक थेंब आला नसता.

मामांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. भिंतीच्या कडेने चर काढायचा, त्यात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप, वर खडी, आणि तो पाईप खड्ड्यात सोडायचा. पण भिंतीला चिकटून खणायचं नाही. मी म्हटलं, भिंतीलगतच तर ओल आहे. ते म्हणाले, "पायाखालची माती काढलीस तर पंप पाण्याबरोबर भिंत पण ओढील." त्यांनी दोन फूट सोडले. दुसरी गोष्ट, पहिले आठ दिवस पंपाचं पाणी बादलीत धरून बघायचं. पाणी निवळ असेल तर ठीक. रोज तळाला माती बसत असेल तर पंप बंद करायचा, कारण घराखालची जमीन पोकळ होत्ये. आमच्या बादलीत दोन दिवस माती आली, मग खडी बसली आणि पाणी स्वच्छ झालं. ते दोन दिवस मला झोप नव्हती.

विजेचं काम वायरमन दोस्ताने केलं. आधी अर्थिंग. मग 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा जमिनीत गळती झाली की क्षणात लाईन तोडतो. साधा एमसीबी तुमची वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. हे वाक्य त्याचं आहे आणि मी ते तालुक्याला सांगत सुटलोय. पंपाचा प्लग कमरेच्या वर. खड्ड्याला झाकण, कारण डास आणि लहान मुलं. बाहेर जाणाऱ्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर पंप थांबला की पाईपमधलं पाणी परत खड्ड्यात. सगळं धरून तीस हजारांच्या आसपास गेले. त्यात पंपाचे नऊ. बाकी खड्डा, पाईप, वायरिंग आणि मजुरी.

लाईट गेल्यावर काय, हे विचारणार तुम्ही. मीही विचारलं होतं. ज्या रात्री पंपाची गरज असते नेमकी त्याच रात्री लाईट जाते. घरचा छोटा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चालवतो. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तिथे तो कुईं करून बसतो. मोठा इन्व्हर्टर घ्यायचा तर पंपाच्या दुप्पट पैसे. आम्ही सध्या शेजाऱ्यांच्या जनरेटरवर भागवतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. हा पंप पुरासाठी नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी शहरात शिरली, त्यानंतर मी दोन दिवसांनी बातमीसाठी गेलो होतो. बाजारपेठेतली दुकानं चिखलाने भरलेली, गाळ घोट्यापर्यंत, आणि एका घरात नवाकोरा पंप त्या गाळात आडवा. बाहेरचं पाणी घरापेक्षा उंच असतं तेव्हा पंप तेच पाणी बाहेर टाकतो आणि तेच आत येतं. उलट सगळीकडे पाणी चढलेलं असताना घर आतून कोरडं करत बसलात तर खालच्या दाबाने लाद्या उचलल्या जातात. पूर आला की मेन स्विच बंद करायचा, म्हाताऱ्या माणसांना घ्यायचं आणि निघायचं. पंप ओलीसाठी आहे. तेवढंच त्याचं काम.

तर जूनमध्ये पंप सुरू झाला. पहिल्या रात्री आम्ही सगळे त्याचा आवाज ऐकत जागे. घर्रर्र एक मिनिट, मग शांतता, मग परत घर्रर्र. तिसऱ्या दिवशी माजघराची लादी कोरडी. भर पावसाळ्यात! आई चप्पल काढून अनवाणी फिरली. मी फोटो काढून इथे टाकला होता, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. लोकांनी वायरमनचा नंबर मागितला. मी खूश.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शेजारच्या काकू कट्ट्याबाहेर उभ्या. त्यांचं घर आमच्या खालच्या अंगाला, आमच्याहून आणखी फूटभर सखल. काका गेल्यापासून एकट्या असतात, मुलगा पुण्याला. आत यायला तयार नाहीत. साडीचा काठ ओला.

"पंप छान आहे हो तुझा," म्हणाल्या. "रात्री सगळं पाणी आमच्या पडवीत आलं. तांदळाची कोठी उचलली मी एकटीने."

मी म्हटलं, "काकू, माझं पाणी गटारात जातं."

"आणि गटार कुठे जातं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बावीस वर्षं याच गावात पत्रकारिता करतोय आणि माझ्या दारातलं गटार कुठे जातं हे मला सांगता येईना. छत्री घेऊन काकूंबरोबर गटाराच्या कडेने चालत गेलो. आमच्या दारातून त्यांच्या दारात, तिथून पुढे दोन घरं, आणि मग गटार संपलं. संपलं म्हणजे काँक्रीटला जाऊन भिडलं. पाणी तिथे तुंबून मागे सरत होतं आणि जिथे सगळ्यात सखल पडवी मिळेल तिथे शिरत होतं.

काकू म्हणाल्या, "इथे मोरी होती ना रे. तुम्ही पोरं कागदाच्या होड्या सोडायचात."

होती. रस्त्याच्या अलीकडून पलीकडे, चिऱ्यांची कमान असलेली, आत वाकून मूल जाईल एवढी मोरी. आळीचं सगळं पाणी त्यातून पलीकडच्या पऱ्याला आणि पऱ्यातून नदीला. काँक्रीट करताना ती बुजवली होती. जागेवर पाईप टाकलाय म्हणे, तो नंतर आम्ही शोधून काढला. नऊ इंची, आणि अर्धा सिमेंटच्या मळीने भरलेला.

आता मगाशी अर्धं सोडलेलं कारण. जमिनीत पाणी का वाढलं? पाऊस हे एक. दुसरं, जे पाणी मोरीतून अर्ध्या तासात पऱ्याला जायचं ते आता आळीत उभं राहतं आणि जांभ्याच्या जमिनीत मुरतं. जांभा म्हणजे स्पंजच. मुरलेलं पाणी आमच्या विहिरीत आणि माजघरात वर येतं. 1,000 चौरस फुटांच्या एका छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 9,000 लिटरच्या वर पाणी होतं. कोकणात एका दिवसात 100 मिलिमीटर म्हणजे विशेष काही नाही. आळीतली सगळी छपरं, अंगणं आणि रस्ता धरा. ते सगळं नऊ इंची अर्ध्या भरलेल्या पाईपमधून जाणार होतं.

म्हणजे मी तीस हजार घालून काय केलं, तर माझ्या घराखालचं पाणी उपसून रोज दोन टँकर एका एकट्या बाईच्या पडवीत सोडले.

त्या दिवशी घरी येऊन कात्रणांचा गठ्ठा काढला. गेल्या वर्षी वाळवून ठेवलेला, कागद पापडासारखे कडक झालेले. 2022 ची फाईल. रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी सापडली. माझीच. चार कॉलम, फोटोसह. फोटोत नारळ, कुदळ, फेटे. बातमीत रस्त्याची लांबी आहे, निधी आहे, कोण कोण उपस्थित होते ती नावं तर अर्धी बातमी भरून आहेत. मोरी हा शब्द नाही.

तो कार्यक्रम मला चांगला आठवतो. भाषणं झाल्यावर आळीतले एक निवृत्त मास्तर उठून उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "रस्ता करताय ते बरं, पण मोरीचं काय करणार?" उत्तर मिळालं, "मास्तर, सगळं इस्टिमेटमध्ये आहे." लोक हसले. मीही हसलो. चहा आला. बातमीत मी तो प्रश्न घातला नाही. जागा नव्हती असं म्हणू शकतो, पण चार कॉलम होते. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. ठेकेदाराची दिवाळी अंकाला पूर्ण पान जाहिरात होती. आमच्यासारख्या तालुक्याच्या पेपरात वार्ताहराला पगार किती असतो ते तुम्हाला सांगत नाही. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. कोणी मला 'हा प्रश्न घालू नको' असं म्हटलं नव्हतं. कोणी म्हणावं लागत नाही, हेच तर आहे.

डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. भूमिपूजनाच्या बातमीत 'का' आणि 'कसं' लागत नाही हे नोकरीत शिकलो.

मास्तर गेल्या वर्षी वारले. त्यांना सांगायचं राहिलं.

पुढे काय केलं ते थोडक्यात. पहिलं, पंपाचं पाणी काकूंच्या दिशेच्या गटारात सोडणं त्याच दिवशी बंद. मागीलदाराने, आमच्या परसातून आणि त्यामागच्या काजूच्या बागेतून परवानगी घेऊन, पाईप थेट पऱ्यावर नेला. 180 फूट. पाईप लांबला की आतल्या घर्षणाने पंपाची ताकद मरते, म्हणून सव्वा इंचीऐवजी दोन इंची घ्यावा लागला. अजून पाच-सहा हजार गेले. आता पंप मिनिटभराच्या जागी दीड मिनिट चालतो. काकूंच्या पडवीत अजूनही पाणी येतं, पण ते माझं नसतं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्यावर नाव असतं का रे?"

दुसरं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. रस्त्याचं अंदाजपत्रक, नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं ते एवढंच, की माहिती 'विस्तृत स्वरूपाची' आहे. पहिलं अपील केलंय. पत्रकार म्हणून फोन करून सुद्धा मागता आली असती कदाचित. पण तसं मागितलं की चहा येतो, कागद येत नाही.

तिसरं, मोजणी. ही कल्पना गवंडी मामांची. त्यांच्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आम्ही दोन रविवार आळीतून फिरलो. नळीत पाणी भरायचं, एक टोक रस्त्यावर, एक टोक ओटीवर, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. फरक टेपने मोजायचा. याला ना सर्व्हेअर लागतो ना परवानगी. सतरा घरं मोजली. अकरा घरांची जोती रस्त्याच्या खाली निघाली. सगळ्यात खाली काकूंची पडवी, सव्वा फूट. प्रत्येक घरमालकाने आपल्या आकड्यासमोर सही केली. दोघांनी केली नाही. त्यातल्या एकाचा जावई ठेके घेतो. दुसरे म्हणाले, घर विकायचंय, कागदावर पाणी नको.

तो तक्ता, फोटो आणि मोरीच्या जुन्या जागेचा नकाशा जोडून निवेदन दिलंय. मागणी दोनच आहेत. रस्ता त्या जागी कापून मोरी परत करा, मुलगा वाकून जाईल एवढी. आणि यापुढे आळीत रस्त्याचा थर टाकायचा तर आधी जुना खरवडा. नवा रस्ता द्या, चार फेटे बांधा, आमची काही ना नाही, पण उंची वाढवू नका. साहेबांनी कागद ठेवून घेतला. म्हणाले, पावसाळ्यात रस्ता कापता येत नाही. ते बरोबरच आहे. मी त्यांना विचारलं, मग ऑक्टोबरची तारीख लिहून द्या. म्हणाले, बघू. 'बघू'ची पोच मिळत नाही, निवेदनाची मिळाली, ती ठेवली आहे. या वेळी वरच्या फळीवर.

या विषयावर पेपरात बातमी दिली. पाच ओळी छापून आली, आतल्या पानावर. त्यात मोरी हा शब्द आहे, मी मोजून बघितलं, दोनदा. ठेकेदाराचा दुसऱ्या दिवशी फोन आला. ओरडला नाही, उलट गोड बोलला, म्हणाला, "साहेब, आधी मला सांगायचं होतं." यंदाच्या दिवाळी अंकाच्या जाहिरातीचं त्याने अजून काही कळवलेलं नाही. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "पंपाचे हप्ते मी बघते, तू अपिलाची तारीख चुकवू नको." ती शाळेत शिकवते, तिच्या पगाराची तारीख ठरलेली असते.

गणपती 27 तारखेला आहेत. गेल्या वर्षी मखराखाली प्लॅस्टिक अंथरून वर पाट ठेवला होता. यंदा आई रोज माजघरात जाऊन तळपायाने लादी बघते, कोरडी आहे ना. काकूंकडे गौरी बसतात. त्यांच्या पडवीतलं सामान उचलून ठेवायला येत्या शनिवारी आम्ही चौघं-पाच जण जाणार आहोत, आणि एक जुना छोटा पंप वायरमन दोस्ताकडे पडून आहे तो तात्पुरता लावून बघणार आहोत. त्याचाही पाईप मागच्या बाजूने पऱ्यावर. काजूच्या बागवाल्यांनी हो म्हटलंय.

रविवारी सकाळी आठला वरच्या आळीत मोजणी आहे. ज्यांच्या पायऱ्या कमी झाल्यात त्यांनी थांबा घरी. लेव्हलची नळी एकच आहे, आणखी कुणाकडे असेल तर आणा. जुने फोटो असतील तर तेही आणा, लग्नाचे, मुंजीचे, दारात उभे राहून काढलेले. त्यात पायऱ्या दिसतात, मोजता येतात. आमच्याकडे माझ्या मुंजीचा आहे, 1989 चा. चारही पायऱ्या आहेत त्यात, आणि मागे कोपऱ्यात मोरीचा कठडा.